खिशाचा कच्चा दोरा

पोरगी न्यायला कुणी तोंडाला फडकं बांधून येत नाही. गणवेशाचं कापड घेऊन येतं. चहा घेतं, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करतं, लहान लेकराचं नाक पुसतं, आणि मग हळूच विचारतं, "मोठी काय करते हो?"

कंपनीवाली बाई सोमवारी सकाळी शिवणकाकूच्या दारात उतरली ती अशीच. जीप रस्त्याला उभी, हातात निळ्या कापडाचा तागा, तोंडात वेलदोडा.

"काकू, सहा ड्रेस. बुधवारी बाराच्या आत. पोरी तुमच्या गावच्याच, मापं तुम्हाला मी काय सांगणार."

"सहा? दोन दिवसांत?"

"मागच्या वर्षी पाच केलेच की. हा नमुना ठेवा, अगदी असाच पाहिजे. कंपनी फार कडक आहे, कॉलर वाकडी चालत नाही." बाईनं एक घडी घातलेला निळा ड्रेस मशीनवर ठेवला आणि आत डोकावून काकूच्या नवऱ्याला हाक मारली. "दादा, पाठ कशी आहे?"

आत इस्त्री करत असलेला नवरा खूश झाला. त्याच्या पाठीची चौकशी गावात कुणी करत नव्हतं.

कालवा दुरुस्तीला काढून तिसरा महिना चालू होता. पाणी नाही म्हणून रानात काम नाही. मजुरीवर जगणारी माणसं दुकानाच्या पायरीवर बसून दिवस ढकलत होती. एकमेकांच्या बिड्या मागून झाल्या, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या, आता नुसतं बसणं उरलं होतं. अशा गावात जीप आली की माणसं उठून उभी राहतात. बाईनं गेल्या आठ दिवसांत सहा घरं पक्की केली होती. त्यातलं एक घर काकूच्या भिंतीपलीकडचं होतं, तिच्या दिराचं. त्याची थोरली सोळाची. कागदावर बाईनं तिला अठराची करून आणली होती. "कंपनीला लागतं तसं," म्हणाली. दिरानं अंगठा टेकवला.

बाई गेल्यावर काकूनं नमुना हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला. घालणारा कपडा सुलटा बघतो, शिवणारा उलटा बघतो. कॉलरच्या आत तीन लाल टाके होते.

काकू स्टूलावर बसली.

ते टाके तिचेच होते. मागच्या वर्षी पाचही ड्रेस एकाच कापडाचे, पोरींचे अदलाबदल व्हायला नकोत म्हणून तिनं कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं खुणा घातल्या होत्या. पहिलीला एक टाका, दुसरीला दोन. तीन टाके गवंड्याच्या पोरीचे.

तिनं ड्रेस खिडकीशी नेला. काखेत घामाचा डाग नव्हता. कॉलरला मळ नव्हता. वर्षभर कंपनीत रोज अंगावर असलेला ड्रेस, आणि त्याला अजून कोऱ्या कापडाची खळ होती. मग तिचा अंगठा खिशावर आला. खिशाचं तोंड पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं बंद होतं.

ही तिची पद्धत होती. नव्या कपड्याचा खिसा ती कच्च्या दोऱ्यानं टाचून द्यायची. इस्त्रीत खिसा फाकत नाही हे एक कारण. दुसरं असं की ज्याचा कपडा त्यानं स्वतः दोरा ओढायचा आणि खिशात पहिला हात स्वतःचा घालायचा. शाळेतली पोरं तर दारातच ओढून पळायची.

खिशात काहीतरी कडक लागत होतं. तिनं दोरा न तोडता बोट आत सारलं आणि टोचलं तेव्हा तिला आठवलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचलेली सुई, त्याला गुंडाळलेला निळा दोरा. गवंड्याच्या पोरीची बटणं कधी जागेवर नसायची. काकूनं तिला सांगितलं होतं, "खिशात तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. तिकडं गेल्यावर बघ." पोरगी हसली होती. "आत्ताच बघू का?" "आत्ता नाही गं, बाईसाहेब. तिकडं."

तिकडं कुणी बघितलं नव्हतं.

"अहो," काकूनं नवऱ्याला हाक मारली. "हे बघा जरा."

नवऱ्यानं ड्रेस घेतला, बाहीवरून हात फिरवला आणि तो थांबला. "ही घडी माझी आहे," तो म्हणाला. "बाहीला दोन मोड देतो मी. दुसरं कुणी देत नाही."

"मागच्या वर्षीची."

मग त्यानं ड्रेस मशीनवर ठेवला. "पोरगी जाड झाली असेल. दुसरा दिला असेल त्यांनी."

"एकदाही अंगात न घालता?"

"आपण शिवायचं काम करतो. विचारायचं काम आपलं नाही." आणि तो आत जाऊन गार झालेल्या इस्त्रीनं कपडे दाबत बसला.

काकूला राग आला तो त्याचा नव्हे. पाच ड्रेस आपण शिवले. काज स्वतःच्या हातानं केले. कॉलर एकदा उसवून पुन्हा लावली, कंपनी कडक आहे म्हणून. पाचही घरच्या माणसांनी तो कोरा गणवेश बघितला आणि विश्वास ठेवला. जीपवर नाही, बाईच्या गोड बोलण्यावर नाही. काकूच्या हातच्या शिलाईवर.

दुपारी ती गवंड्याच्या घरी गेली. ड्रेस कापडी पिशवीत तळाला, वर चिंध्या. गवंडी कामाच्या शोधात परगावी होता, बायको दारात वाळू चाळत होती, कुणाच्या तरी ओट्यासाठी.

"फोन येतो का गं पोरीचा?"

"आला की. गेल्या गेल्या दोनदा आला." चाळणी थांबली नाही. "मग फोन खराब झाला तिचा. बाई सांगते ना खुशाली. पोरगी रमली म्हणते. परवा जीप जाईल तेव्हा तिच्यासाठी स्वेटर देणार आहे, बाईनं न्यायचं कबूल केलंय."

"फोनवर काय म्हणाली होती?"

"ते काय, बरी आहे, जेवते. मागून कुणीतरी बोलत होतं, आवाज नीट येत नव्हता. हां, तुमचं नाव काढलं बरं. म्हणाली, काकूचा ड्रेस रोज घालते, खिसा फार कामाचा आहे." गवंड्याची बायको पहिल्यांदा हसली. "तुमची फार लाडकी ती."

काकूच्या काखेतली पिशवी जड झाली. पोरीला काय बोलायचं ते शिकवलेलं होतं. कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवलेलं. आणि ड्रेस तेव्हा जीपमध्येच पडून होता. खिशाबद्दल मात्र तिला कुणी शिकवलं नसणार. खिसा खरंच उघडला असता तर तिनं सुईचं नाव काढलं असतं. तो खिसा उघडलेला नाही हे जगात एकाच माणसाला कळलं असतं, आणि त्या माणसानं वर्षभर काही विचारलं नव्हतं.

तिला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण समोर ते हसू होतं. "येते," म्हणाली आणि निघाली. घरी पोचेपर्यंत तिनं स्वतःला शिव्या दिल्या.

संध्याकाळी दिराकडं गेली. या वेळी पिशवीतून ड्रेस काढून सरळ समोर धरला. टाके दाखवले, खिसा दाखवला.

दीर चुळबुळला. जाऊ चुलीपुढून उठली नाही. "झालं बोलून?" ती म्हणाली. "सहा पोरी चालल्यात, बाकी पाच घरात नाही गेलात. आमच्याच पोरीच्या वाटेत आडवं यायचं होतं."

"तुझी म्हणून आधी आले."

"स्वतःची असती तर कळलं असतं, जाऊबाई. घरात तीन महिने काम नाही, वाढती पोरगी, तिला काय भिंतीला टेकवून ठेवू? तुम्हाला काय, दोन माणसं आणि एक मशीन."

काकूनं ते गिळलं. वीस वर्षं गिळत होती, घसा तयार झाला होता. "कंपनीचं नाव काय आहे? पत्ता काय? बाईला विचारलंत का? बापाला एकदा जाऊन बघून येता येईल का?"

"विचारलं," दीर म्हणाला. "आधी पोरी लागू देत, मग सगळ्या बापांना गाडी करून नेते म्हणाली. वहिनी, बाई रागावली आणि आपल्या पोरीला गाळलं तर? दुसऱ्या गावात रांग लागलीय म्हणे."

पोरगी दाराशी उभी होती. ती ड्रेसकडं बघत होती.

मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी काकू पायरीवर बसली होती. तिथल्या भिंतीवर एक कागद होता, अर्धा फाटलेला, पोरींना फसवून नेण्याबद्दलचा. खाली मोठ्या आकड्यात फोन नंबर. इतके दिवस लोक त्या कागदाला पाठ टेकून औषधाची वाट बघायचे. नर्सबाई आली, ड्रेस बघितला, आणि हसली नाही. काकूला वाटलं होतं हसेल. नर्सबाईनं दार आतून लावून घेतलं आणि नंबर फिरवला.

पलीकडं एक बाई होती. तिनं धीर दिला नाही, प्रश्न विचारले. गाडीचा रंग, गाडीचा नंबर. निघणार कधी, रस्ता कुठला. पोरी किती, वयं खरी काय आणि कागदावर काय. काकूला गाडीचा नंबर माहीत नव्हता. तिला लाज वाटली. गेली दोन वर्षं ती गाडी तिच्या दारात लागत होती.

"नंबर लिहून आज कळवा," पलीकडची म्हणाली. "तो ड्रेस धुऊ नका. बाईला संशय येऊ देऊ नका. तिथल्या ठाण्याला आम्ही कळवतो, पण आमची माणसं लांबून येणार. उद्या तीनच्या आधी जमणार नाही. गाडी बाराला निघाली तर पुढं तीन फाटे आहेत, सापडणं अवघड."

"तीनपर्यंत गाडी थांबायला हवी," नर्सबाई म्हणाली. "कशी थांबवायची?"

काकू उठली. "ड्रेसशिवाय ती हलत नाही," ती म्हणाली. "घरची माणसं ड्रेस बघून पोरगी गाडीत बसवतात."

त्या दिवशी ती शिवायला बसली आणि खरोखरच शिवत राहिली, कारण बाई दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा काकू पाण्याच्या निमित्तानं बाहेर गेली आणि गाडीचा नंबर खडूनं तळहातावर लिहून आली; संध्याकाळी नर्सबाईनं तो फोनवर कळवला. पुढचे भाग झाले, पाठ झाली, कॉलर झाल्या. सहा ड्रेस बिनबाह्यांचे, दोरीवर टांगलेले. मुंडी उडवलेल्या माणसांसारखे दिसत होते, नाहीतर हात तोडलेल्या. बुधवारी उजाडल्यावर तिनं मशीनची बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची ती डबी, काढली आणि पिठाच्या डब्यात तळाशी सारली. नवऱ्यानं बघितलं.

"वेडी झालीस का?"

"हो."

तो थोड्या वेळानं उठला आणि डब्यावर दुसरा डबा ठेवून आला.

बाराला बाई आली. दारात सहा पोरी पिशव्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या आया, दोनचार बाप, आणि हातात लोकरी स्वेटर घेतलेली गवंड्याची बायको. बाईनं दोरीकडं बघितलं. वेलदोडा चावायचा थांबला.

"बाह्या?"

"मशीन बसलं, ताई. बॉबिन केस कुठं उडून पडली, सकाळपासून शोधते. हातानं लावते. झालंच समजा."

"बाह्या वाटेत लावून घेऊ."

"असा अर्धा ड्रेस कसा द्यायचा? पोरींच्या आयांनी बघायचाय," काकू मोठ्यानं म्हणाली. बाहेरून एकदोघींनी मान हलवली. कोरा ड्रेस बघायला तर त्या आल्या होत्या.

बाईनं दाराकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि स्टूल ओढून काकूच्या अगदी पुढ्यात बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"लावा. मी बघते."

काकू हातशिलाई करू लागली. आयुष्यात इतके बारीक टाके तिनं घातले नव्हते. खोली तापली होती. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि तिथं थांबायचा, पुसायला हात मोकळा नव्हता. एक वाजला. दोन ड्रेस झाले. बाहेर पोरी आधी हसत होत्या, मग गप्प झाल्या, मग एक पिशवीवर डोकं ठेवून झोपली. जीपच्या चालकानं दोनदा भोंगा वाजवला.

"फार सावकाश चाललंय तुमचं," बाई म्हणाली.

"वय झालं."

"मागच्या वर्षी नव्हतं झालं?"

काकूनं दोरा दातानं तोडला. "ताई, मागच्या वर्षीच्या पोरी सुट्टीला येत नाहीत का?"

"येतील. सुखात आहेत. सुखातली माणसं घरी कशाला येतात?" बाई हसली. तिचे दात फार स्वच्छ होते. "शिवणारे हात खूप मिळतात, काकू. गावोगाव मिळतात. एखादीचे मोडलेही तरी काम अडत नाही."

दोन वाजून गेले. चौथा ड्रेस. बाईला बसून बसून कंटाळा आला असावा. तिनं मशीनवरचा नमुना ओढला, मांडीवर घेतला, आणि चाळा म्हणून खिशाचा कच्चा दोरा नखानं उचकला. एका ओढीत सर्रकन सगळा निघाला. खिसा उघडला. बाईचा हात आत गेला, आणि झटक्यात बाहेर आला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता.

तिनं पुठ्ठा काढला. सुई बघितली. दोरा बघितला. मग काकूकडं बघितलं, आणि त्या बघण्यात आता गोडवा नव्हता, रागही नव्हता. आठवड्याच्या बाजारात माणूस गाईच्या तोंडाकडं बघतो तसं ते बघणं होतं. काकूला कळलं, गवंड्याच्या पोरीला हेच बघणं शेवटी दिसलं असणार.

"उठा गं पोरींनो," बाई शांतपणे म्हणाली आणि नमुना काखेत मारून बाहेर पडली. "ड्रेस नको. तिकडं मिळतील. गाडीत बसा."

पोरी उठल्या. सवयीनं उठल्या, मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून. तीन गाडीत चढल्यासुद्धा.

काकू सुई हातात घेऊन तशीच दारात आली. परवा गवंड्याच्या घरी जे तोंड उघडून मिटलं होतं ते आता मिटेना. "तिच्या काखेत आहे तो ड्रेस तुझ्या पोरीचा आहे," ती गवंड्याच्या बायकोला म्हणाली. "आत तीन लाल टाके आहेत. तो एकदाही घातलेला नाही. मला परवापासून माहीत आहे. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

कुणाला काही समजायच्या आत गवंड्याची बायको पुढं झाली. तिनं बाईच्या काखेतून ड्रेस ओढला. वाळूनं फाटलेल्या बोटांनी कॉलर उलटी केली. मोजलं. खिसा बघितला, रिकामा. मग तिनं ड्रेस नाकाशी नेला आणि हुंगला, पोरीचा वास कुठं येतो का ते बघायला. पुन्हा हुंगला. कापडाला खळीचा वास होता.

ती गेली आणि जीपच्या पुढच्या चाकाला पाठ लावून खाली बसली, मांडीवर ड्रेस आणि स्वेटर.

"बाजूला करा तिला," बाई बापांना म्हणाली. "डोकं फिरलंय. उशीर झाला तर कंपनी एकीलाही घेणार नाही."

एकदोघं खरोखर पुढं झाले. दीरही झाला. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण झाला. तेवढ्यात गाडीतून एक पिशवी खाली पडली. तिच्यामागून त्याची पोरगी उतरली. ती गवंड्याच्या बायकोशेजारी जाऊन बसली आणि बापाला म्हणाली, "मला पण उचला."

चालकानं इंजिन चालू केलं. चाक हललं, दोघींची पाठ हलली. काकूचा नवरा, ज्याची पाठ वर्षभर वाकत नव्हती, चालकाच्या खिडकीशी गेला आणि हातातली तापलेली इस्त्री त्यानं खिडकीच्या काठावर ठेवली. "बंद कर," म्हणाला. चालकानं बंद केलं. दुसऱ्या दारानं तो उतरला आणि रानात पळाला. त्याच्या मागं कुणी गेलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी लांबची माणसं आली. बाईनं त्यांनाही पाण्याचं विचारलं.

बाईच्या कागदांवरच्या पत्त्यावर कंपनी नव्हती. कुलूप लावलेली गोदामाची खोली होती, आत दोन गाद्या आणि चार निळे ड्रेस, घडी न मोडलेले. आठ दिवसांत मागच्या पाचांतल्या दोघी सापडल्या. त्यांच्याबद्दल घरची माणसं काही बोलत नाहीत आणि गावानंही विचारू नये. गवंड्याची पोरगी त्यात नव्हती. ड्रेस पुरावा म्हणून ठाण्यात राहिला. गवंड्याची बायको रोज काकूकडं येऊन तीच सुई मागून बघायची. शेवटी काकूनं ती पुठ्ठ्यासकट तिला देऊन टाकली.

जाऊ बोलत नाही. पण परवा तिनं पोरीला काकूकडं शिवण शिकायला पाठवलं.

नवव्या दिवशी काकूनं निळ्या कापडाचा एक तुकडा पिशवीत घातला आणि बस धरली. बाईचं ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं, गावोगाव हात मिळतात ते. पहिल्या गावातल्या शिंप्यानं मान हलवली, असं कापड आलं नाही. दुसऱ्या गावातलीनं चहा विचारला आणि दवाखान्याच्या भिंतीवरचा तो नंबर लिहून घेतला. तिसऱ्या गावात बसथांब्याला लागूनच एक दुकान होतं. म्हातारा शिंपी, जाड भिंगाचा चष्मा, मान कापडाला टेकलेली. काकूला पिशवीतला तुकडा काढावाच लागला नाही.

त्याच्या मशीनच्या सुईखाली निळं कापड होतं. मागं दोरीवर बिनबाह्यांचे दहा ड्रेस लटकत होते.

"कुणी दिलं हे, बाबा?"

"कंपनीचे साहेब आहेत." म्हातारा मान वर न करता बोलत होता, पाय पायडलवर चालू होता. "फार चांगला माणूस. माझ्या डोळ्यांचं विचारत होता. आमच्या गावाच्या पोरींचं भलं होतंय."

"बाई असते का कुणी?"

"मागच्या वर्षी होती. या वर्षी साहेब स्वतः आले."

काकूनं दोरीवरचा एक ड्रेस उलटा केला. शिलाई सरळ होती, मन लावून केलेली. खिशाला दुहेरी टाका होता.

"कधी पाहिजेत म्हणाले?"

"उद्या. बाराला."

काकूनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्या पुढ्यात बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"बाबा," ती म्हणाली, "बाह्या अजून लावू नका."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग मान वळवून दोरीवरच्या दहा ड्रेसांकडं बघितलं. त्याचा पाय पायडलवरून खाली आला.